रत्नागिरीचे वीस हजार, नेपाळातले बत्तीस हजार, पुढे काय?

हापूसकर (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. सांभाळून घ्या.

परवा राखणदाराला घेऊन बाजारात गेलो होतो. मला फवारणीचं औषध हवं होतं आणि त्याला घरी पैसे पाठवायचे होते. आमचा राखणदार नेपाळच्या पार पश्चिमेकडचा, अछाम जिल्ह्यातला. दिवाळी झाली की नवरा-बायको येतात, बागेतल्या मांगरात राहतात. वानरं हाकलणं, फवारणी, काढणी, पेट्या भरणं सगळं उरकून पावसाच्या तोंडावर परत. नऊ वर्षं हेच चाललंय. मुलं तिकडे आजीजवळ.

दुकानात त्याने बनियनच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. वीस हजार. तीनदा मोजल्या. काउंटरवरच्या मुलीने नोटा यंत्रात घातल्या, नाव-नंबर टाइप केलं आणि पावती दिली. पावतीवर दोन आकडे होते, भारतीय २०,००० आणि नेपाळी ३२,०००. मी म्हटलं, आजचा दर काय? तो हसला. म्हणाला, "साब, रेट तो वही है." खरंच आहे. १९९३ पासून त्यांचा रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, शंभराला एकशेसाठ. डॉलर वर जावो की खाली, या गड्याच्या गणितात फरक पडत नाही. त्याने पावतीचा फोटो काढून घरी पाठवला, मग आम्ही वडापाव खाल्ला.

येताना गाडीत मला आजी आठवली. आजोबा परळच्या गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन पाणंदीतून वर येताना दिसला की आजी हात पुसत ओटीवर येऊन उभी राहायची. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली कुपन असायचं, त्यावर आजोबांचा मजकूर, दोन ओळींचा. "पैसे पाठवले आहेत. पडवीची कौलं बघून घेणे." आजीने ती कुपनं तारेला टोचून ठेवली होती. आमचा जिल्हाच मनीऑर्डरीवर जगणारा म्हणून ओळखला जायचा. आता त्याच जिल्ह्यातून नेपाळला पैसे जातात!

पण त्या पैशाने आमचं काय झालं? घरं झाली, लग्नं झाली, आम्ही शिकलो. आणि शिकलो तसे बाहेर पडलो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या साधारण १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. आणि २०११ ला हजार पुरुषांमागे बायका ११२२. हा आकडा कुणी "मुलींचं प्रमाण बघा किती छान" म्हणून फॉरवर्ड केला की मला हसू येतं. बाप्ये मुंबईला आहेत हो, दुसरं काही नाही. आमच्या वाडीत माझ्या लहानपणी भात लागायचा त्यातली निम्मी खाचरं आज पड आहेत.

नेपाळचं तर अख्ख्या देशाचं असं झालंय. परदेशातून येणारा पैसा त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव हिश्शाच्या घरात आहे. २०२१ च्या जनगणनेत ७७ पैकी तीसहून जास्त जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली निघाली, बहुतेक डोंगराळ.

तर प्रश्न सरळ आहे. बाहेरून आलेल्या पैशाने घर उभं राहतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. देश उभा राहतो का? जाणकारांनी लिहावं, अजाणकारांनीही लिहावं.

---

मुकाट

वाचनखूण साठवली. पण काय हो, वीस हजार मोजताना तुम्ही त्याच्या खिशात डोकावत होता ते बरं दिसतं का? :) हलके घ्या.

---

अर्थातुराणां

चांगला धागा. थोडं लांब लिहितो.

"घर" आणि "देश" असे दोन भाग तुम्ही केलेत ते बरोबर केलंत, कारण उत्तरं वेगळी येतात.

घराबद्दल फारसा वाद नाही. नेपाळचं दारिद्र्य १९९५-९६ साली ४२ टक्के होतं, २०१०-११ साली २५ टक्के. मधली दहा वर्षं, १९९६ ते २००६, तिथे माओवादी युद्ध चालू होतं. कारखाने बंद, पर्यटक नाहीत, खेड्यांत पोलिसांचा पत्ता नाही. अशा काळात दारिद्र्य कमी होतं हे पुस्तकात बसत नाही. ते बसवलं मलेशिया, कतार, सौदी आणि भारतातून आलेल्या पैशाने. २०२२-२३ च्या पाहणीत त्यांनी दारिद्र्यरेषाच वर उचलली तरी आकडा २० च्या आसपास आला. त्याच पाहणीत चारांतल्या तीन घरांत कुणा ना कुणाकडून बाहेरचा पैसा येत होता.

आता देश. २०१०-११ च्या पाहणीत या पैशाचं काय करता असं विचारलं, तेव्हा ७९ टक्के रोजच्या खर्चाला, ७ टक्के कर्ज फेडायला आणि भांडवल म्हणावं अशा गोष्टींत दोन-अडीच टक्के असं उत्तर आलं. यावर शहाणी माणसं नाक मुरडतात, "सगळं खाऊन टाकतात." पण खाण्याआधी पैसा कुठून कुठे जातो बघा. घरी पैसे आले, तांदूळ-तेल-मोटारसायकल-मोबाइल घेतलं. यातलं बहुतेक नेपाळात बनत नाही, आयात होतं, आणि आयातीचा सर्वात मोठा वाटा आपल्याकडूनच जातो. म्हणजे हापूसकरांनी दिलेले वीस हजार फिरून भारतीय तांदूळ आणि डिझेल विकत घेतात. सीमेवर आयात शुल्क पडतं, त्यावर काठमांडूची तिजोरी चालते. सरकारला कारखाने उभे करायची घाई कशाला? पोरं बाहेर पाठवा, पैसा येईल, माल येईल, जकात मिळेल. शिवाय बेकार तरुण देशातच नसले की रस्त्यावर कोण उतरणार?

हे चक्र अडखळतं तेव्हा कळतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये परकीय गंगाजळी आटायला लागली म्हणून नेपाळने गाड्या, महागडे मोबाइल, दारू वगैरेंची आयात काही महिने बंदच केली होती.

आणखी एक, रुपया बांधलेला असण्याचा तोटा. बाहेरून पैसा येत राहिला की गावातली मजुरी आणि जमिनीचे भाव चढतात, पण चलन जागचं हलत नाही. मग तिथे बनलेली वस्तू महाग पडते आणि सीमेपलीकडची स्वस्त. भात लावण्यापेक्षा पोत्यातला तांदूळ परवडतो. तुमच्या वाडीतली पड खाचरं आठवा. रत्नागिरीला मुंबईपेक्षा वेगळा रुपया कधी नव्हताच.

---

खेडवाली

@अर्थातुराणां, "खाऊन टाकतात" या शब्दावर मला नेहमी राग येतो. तुम्ही तसं म्हणत नाही हे कळलं, तरी बोलते.

माझे अब्बा १९७८ ला कुवेतला गेले. पैसे यायचे ते बँकेच्या ड्राफ्टने, रजिस्टर पाकिटातून. ड्राफ्ट वटायला तीन-तीन आठवडे. शाखेतले साहेब आईला बाकावर बसवून ठेवायचे कारण तिला सही येत नव्हती, अंगठा. दुसऱ्या वर्षी तिने माझ्या पाटीवर सही शिकून घेतली. ड्राफ्ट आला म्हणून शिकली. हे तुमच्या कोणत्या रकान्यात जातं, रोजचा खर्च की भांडवल?

मग घर. आमच्याकडची घरं बघून लोक हसतात, एवढे मोठे बंगले आणि आत दोन म्हातारी. आमचंही तसंच, वर सळ्या सोडलेल्या, पुढच्या मजल्यासाठी. त्या सळ्या तीस वर्षं गंजतायत. पण ते घर अकरा वर्षं बांधत होते. अकरा वर्षं चिरेखाणीवाला, गवंडी, सुतार, वाळूचा ट्रकवाला, सगळे तालुक्यातले. त्यांच्या घरी चूल पेटत होती ती कुवेतच्या पैशावर.

आणि एका टोपलीत सगळी अंडी ठेवली की काय होतं तेही बघितलं. २ ऑगस्ट १९९०. अब्बा अम्मानपर्यंत बसने आले आणि तिथून विमानाने मुंबई. पावणेदोन लाख माणसं तशी आणली म्हणतात. हातात एक पिशवी. गावात त्या वर्षी एका दिवसात चाळीस घरांचा पगार थांबला. दुष्काळात सुद्धा असं होत नाही, थोडं कुणाचं तरी पिकतंच. संयुक्त राष्ट्रांकडून भरपाई मिळाली, पण फार नंतर. तोवर आईचे दागिने गेले.

---

तारवटी

गोंयकाराचा नमस्कार. आमच्याकडे दर्यावर्दी नोकरीला गेलेल्याला तारवटी म्हणतात, म्हणून हे नाव.

गावागावांचे "कुड" मुंबईत धोबीतलावाजवळ अजून आहेत. बोट लागेपर्यंत गावच्या माणसाने तिथे खाट टाकायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा. माझा आजा तिथे राहून बोटीवर गेला. त्याच्या पैशावर वडील शिकले, वडिलांच्या पैशावर मी. आता माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला. घराला कुलूप, शेत दुसऱ्याला, आणि नारळ पाडायला माणूस मिळत नाही.

तीन पिढ्या पैसे येतायत हो. जायचं थांबलं का? नाही.

---

टेक्सासकर

इकडून एक माहिती. २०२६ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेतून रोखीने बाहेर पैसे पाठवले तर एक टक्का कर लागतो. आधी पाच म्हणत होते, मग साडेतीन, शेवटी एक झाला. बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवले तर नाही. म्हणजे आमच्यासारख्या पगार खात्यात येणाऱ्यांना काही नाही, आणि नोटा मोजून पाठवणारा मेक्सिकन किंवा होंडुरासचा मजूर भरणार. जगात सगळीकडे हेच. थोडे पाठवतो त्याला महाग. दोनशे डॉलर पाठवण्याचा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०३० साठी ठेवलंय, जगाची सरासरी अजून त्याच्या दुप्पट आहे.

अवांतर: परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्र पहिला, अशी बातमी वाचून आमच्या ग्रुपवर फटाके वाजले होते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२०-२१ ला महाराष्ट्राचा वाटा ३५ टक्के, २०२३-२४ ला साडेवीस, केरळ पाठोपाठ. पण ती पाहणी बँकांना विचारून केलेली असते. मी पाठवतो ते ठाण्याच्या शाखेत जातात. त्याने खेड-दापोलीचं काय होणार?

---

मुकाट

फ्लॅटचा हप्ता भरला जातो, आणखी काय.

---

अर्थातुराणां

@खेडवाली, तुमची पाटीवरची सही मी वर्गात सांगणार, परवानगी गृहीत धरतो. आणि तुमचं बरोबर आहे. "भांडवल" या रकान्यात शाळेची फी बसत नाही, डॉक्टरचं बिल बसत नाही, ही त्या तक्त्याची अडचण आहे.

यावर एक फार सुंदर अभ्यास आहे, डीन यांग या अर्थतज्ज्ञाचा, फिलिपिन्सवर. १९९७ च्या आशियाई संकटात पेसो कोसळला. फिलिपिनो कामगार कितीतरी देशांत विखुरलेले. ज्याचा माणूस सौदीत त्याच्या रियालचे एकदम खूप पेसो झाले, ज्याचा मलेशियात त्याचे फार नाही, कारण रिंगिटही पडला होता. म्हणजे नशिबाने कुणाला जास्त, कुणाला कमी. जास्त मिळालेल्यांनी काय केलं? मुलांना शाळेत जास्त काळ ठेवलं, मुलांची मजुरी कमी झाली, आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त तास घातले. उधळले नाहीत.

मग देशांच्या वाढीच्या आकड्यांत हे का दिसत नाही? एक कारण असं की पैसा जास्त तेव्हाच येतो जेव्हा घरी संकट असतं. २०१५ चा भूकंप झाला तेव्हा नेपाळात पैशाचा ओघ वाढला. आता आकडे बघणाऱ्याला दिसतं की पैसा वाढला तिथे वाढ खुंटली. पाऊस पडला म्हणून छत्र्या उघडल्या की छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला? परकीय गुंतवणूक याच्या उलट वागते, अडचण दिसली की पहिली पळते. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या सुरुवातीला, जागतिक बँकेने सांगितलं होतं की कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशाचा ओघ २० टक्क्यांनी आटेल. प्रत्यक्षात दोनेक टक्केच घटला. माणसांनी स्वतः अर्धपोटी राहून पाठवले असणार.

माझं मत विचाराल तर हा पैसा म्हणजे मजुरी आहे, फक्त कामाची जागा आणि चूल यांत समुद्र किंवा डोंगर आहे. मजुरीकडून आपण एरवी देश उभारायची अपेक्षा करत नाही. पुण्याच्या कारकुनाला कुणी विचारत नाही की पगारातले किती टक्के तू उत्पादक कामात गुंतवलेस. मग अछामच्या माणसालाच का? धरण, रस्ता, शीतगृह, पीककर्ज ही कामं ज्याची, त्याने ती केली नाहीत, आणि पैसा येत राहिल्याने केली नाहीत तरी चाललं. खोट तिथे आहे.

---

गिरणगाववाला

थोडं असहमत. एकट्याचा पगार धरण बांधत नाही हे खरं, पण दीडशे जणांची वर्गणी शाळा बांधते. आमच्या गावचं मुंबई मंडळ लालबागला, एका खोलीत. पाळीपाळीने झोपणारे तीस-चाळीस गाळेकरी, एका मावशीची खानावळ. दर महिन्याला वर्गणी. त्यातून गावात सातवीपर्यंतच्या शाळेची इमारत, विहीर, देवळाचा जीर्णोद्धार (तो सर्वात आधी, अर्थातच), आणि नदीवरचा साकव. साकवाला सरकारचा पैसा मिळवायला मंडळाच्या सेक्रेटरीने सोळा हेलपाटे घातले. त्यांची वहीच आहे माझ्याकडे, तारखांसकट.

मेक्सिकोत याची योजनाच झाली. झाकातेकास प्रांतातून अमेरिकेत गेलेल्यांची गाववार मंडळं होती, अगदी आपल्यासारखी. मंडळाने एक पेसो दिला की नगरपालिका एक, प्रांत एक, केंद्र एक. "एकास तीन". २००२ पासून देशभर, २०२० मध्ये बंद केली. टीका अशी व्हायची की ज्यांची मंडळं जोरात त्याच गावांना सरकारी पैसा मिळतो, अगदी गरीब गावाचं मंडळच नसतं. आणि तिथेही चर्चची डागडुजी आघाडीवर. :)

पण अशी योजना आपल्याकडे असती तर आमच्या सेक्रेटरीला सोळा हेलपाटे पडले नसते हे नक्की.

१९८२ चा संप सुरू झाला १८ जानेवारीला. अडीच लाख गिरणी कामगार. खेडवालींनी लिहिलं ना चाळीस घरांचा पगार एका दिवसात थांबला, तसं आमच्याकडे पट्टीच्या पट्टी गावं. वर्गणीची वही तिथे संपते. पुढची पानं कोरी.

---

सीमेपार

मी कामानिमित्त उत्तराखंडच्या बनबसाला दोन वर्षं होतो. शारदा नदीवरच्या पुलावरून ही माणसं येतात-जातात, व्हिसा लागत नाही. आखातात जाणाऱ्यांची निदान परवान्याची नोंद असते, भारतात येणाऱ्यांची धड नोंदच नाही. तिकडच्या भाषेत भारतात कामाला जाण्याला "कालापहाड" जाणं म्हणतात. आणि बाहेर कमावणाऱ्याला "लाहुरे", कारण पहिले गेले ते रणजितसिंहांच्या फौजेत, लाहोरला. म्हणजे दोनशे वर्षं झाली.

अजून एक, सर्वात गरीब भारतात येतो. कतारला जायला आधी एजंटाला पैसे चारावे लागतात. २०१५ पासून नियम आहे की व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं, पण कागदावरच. म्हणून ते ७ टक्के कर्जफेडीचे. पहिलं दीड वर्ष सावकारासाठीच राबायचं.

हापूसकर, रिझर्व्ह बँकेची नेपाळसाठी वेगळी योजना आहे २००८ पासून, एनईएफटीवर चालते. रोख घेऊन आलात तर एका वेळी पन्नास हजारांपर्यंत. दुकानापेक्षा स्वस्त पडते. मी एका शाखेत विचारलं होतं तर तिथल्या बाईंनी मलाच विचारलं, अशी योजना आहे का. छापून घेऊन जा.

आणि एवढी पानं भरलीत, त्या माणसालाच का नाही विचारत?

---

हापूसकर

सगळ्यांचे आभार. काढणी सुरू झाल्याने उशीर.

@सीमेपार, विचारलं. काल रात्री मांगरावर गेलो होतो. अढी लावत होता, गवताचा थर, आंब्यांचा थर. मी म्हटलं, नऊ वर्षं पैसे पाठवतोस, काय काय झालं? त्याने हाताला काम चालू ठेवून सांगितलं. पहिली दोन वर्षं बापाचं कर्ज. मग पत्रे, मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग एक म्हैस, ती मेली. मग धनगढीला, म्हणजे खाली सपाटीवर, चार खणांची जागा घेतली, कारण वर गावात मास्तर टिकत नाही आणि मुलांना बोर्डिंग शाळेत घालायचं होतं. वरची शेती? "जंगल हो गया साब. बंदर खा जाते हैं." इथे माझ्या कलमांवरची वानरं हाकलायला तो पगार घेतो. तिथे हाकलायला माणूसच नाही.

मी म्हटलं, मग आता पाठवतोस ते कशासाठी? तर थोरला कोरियन शिकतोय. भाषा! धनगढीत क्लास आहे. कोरिया सरकारची परीक्षा असते, पास झाला तर तिथल्या कारखान्यात नंबर लागतो. गेल्या वर्षी थोडक्यात गेला. ते परवाचे वीस हजार क्लासच्या फीचे आणि परत परीक्षेला बसायचे.

@अर्थातुराणां, तुमच्या तक्त्यात "भांडवल" म्हणून हे टाका. मला तरी दुसरा रकाना सापडला नाही.

मी विचारलं, पास झाला तर तू यायचा थांबशील ना? त्याने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, तो गेला की धाकट्याला पाठवीन तुमच्याकडे, चालेल ना?

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार, मलाही माणूस लागतोच. वाशीची गाडी भरायला उभी आहे, बाकीच्यांना उद्या उत्तरं देतो.